बद्द आवाज

"तुटली," दामिनी फोनवर म्हणाली. पुढच्या गावाचं नाव पुकारावं तशा आवाजात.

अश्विन अमरावतीच्या राजकमल चौकात ऑटोत बसला होता, मांडीवर टरबूज, दोन्ही बाजूंना दोन अनोळखी खांदे. सकाळचे अकरा वाजले होते आणि मे महिन्याचं ऊन पडद्याच्या फटीतून येऊन गुडघ्यावर बसलं होतं. काय तुटली, असं त्यानं विचारलं, पण ते उगाच. ऐकल्याबरोबर त्याच्या डाव्या मनगटाला खाज सुटली होती.

"प्लेट रे. बुटातली. अकोटच्या पुढं गाडी वळली, मी पायावर जोर देला, अन् कट्. ड्रायव्हरलेही ऐकू आलं म्हणते."

"पडली काय तू?"

"पडाले जागा पाहिजे ना. एका बुवाच्या मांडीवर बसली. त्याच्या पिशवीत आंबे होते, त्याचा रस झाला. बुवा म्हणे, कंडक्टर सीट देते हे ऐकलं होतं, सीट घेते हे पयल्यांदा पाह्यलं."

ती हसली. तो हसला नाही. ऑटोवाल्यानं आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "सोमवारी मेडिकल हाये माझं, दादा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. टरबुजाला धरलेला हात सोडून त्यानं मनगट खाजवलं. कार्बनचा धागा कातडीत शिरला की दिसत नाही, काट्यासारखा टोकानं धरून काढता येत नाही. नुसता आत असल्याचं कळवत राहतो. बायको, पायल, म्हणायची, खोबरेल लावा. त्यानं लावलं नव्हतं. खाज जावी असं त्याला मनापासून वाटतं की नाही, याचीच त्याला खात्री नव्हती.

दामिनी त्याची धाकटी बहीण. अकोला डेपोत कंडक्टर, नऊ वर्षं हिवरखेडच्या गाडीवर. गेल्या नोव्हेंबरात तिच्या उजव्या पायाचा पुढचा भाग बोटांसकट गेला. टाच राहिली, अर्धा तळवा राहिला. अशा पायानं उभं राहता येतं, सपाट फरशीवर चालताही येतं. पण पाऊल उचलताना शेवटचा जो रेटा बोटं देतात तो द्यायला कोणी उरत नाही, माणूस पुढं जायच्या ऐवजी जागच्या जागी खचतो. नागपूरला पाय बनवून देणाऱ्या माणसानं सांगितलं होतं की बुटाच्या तळाशी कार्बन फायबरची पातळ, ताठ प्लेट बसवा, ती बोटांचं काम करते. मागवली तर तीन महिने. अश्विन पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप शिकवायचा, विद्यार्थ्यांच्या शर्यतीच्या गाडीचं उरलेलं कार्बनचं काळं कापड तिथं कपाटात पडून होतं. "मी करून देतो," तो म्हणाला होता, कोणी विचारायच्या आधी. इतक्या घाईनं की दामिनीनं जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं होतं. आणि आता सोमवारची डेपोची तपासणी. चालत्या गाडीत न धरता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता आलं तर गाडी, नाहीतर पार्सलची खिडकी. "खिडकीतून मले लोकाईचे नुसते गळे दिसतीन," ती म्हणायची. "नऊ वर्षं मी माणसाईचे चेहरे वरून पाह्यले. आता गळे पाहू काय?" म्हणून ती गेले तीन दिवस तिकीट काढून आपल्याच जुन्या गाडीत बसत होती, बसत नव्हती, चालत होती. त्याच्या प्लेटवर.

घरी मागच्या खोलीत काच होती. बंद पडलेल्या कापड दुकानाच्या शोकेसची, बारा एमएम जाड. काचवाल्या ओमप्रकाशनं देताना विचारलं होतं, "टेबल बना रहे क्या सर?" नाही, शीट बनवतो, असं सांगितल्यावर त्यानं काचेवरून तळहात फिरवला होता. "फिर तो साफ रखना. काँच कुछ छुपाती नहीं." काच पुसायची, मेण लावायचं, घासून पुसायचं, पुन्हा मेण, असं पाच वेळा; मेण चुकलं तर शीट काचेला धरते आणि दोघींपैकी एक फुटल्याशिवाय सुटत नाही. मग रेझिन, हार्डनर घातलं की दगड होणारा चिकट रस, त्यावर कापड, ब्रशनं दाबत दाबत बुडबुडे कडेला हाकलायचे, पुन्हा रेझिन, पुन्हा कापड, सहा थर. वीण एकदा उभी, एकदा तिरकी, कारण हा धागा लांबीत ओढला तर लोखंडाला हरवतो आणि आडवा वाकवला तर कुरडईसारखा मोडतो. शेवटी वरून जाड प्लास्टिक, कडा चिकटपट्टीनं बंद, आणि जुन्या फ्रिजचा काँप्रेसर जोडून आतली हवा ओढायची. प्लास्टिक कापडावर आकसत बसतं, बोलायचं गिळून टाकलेल्या माणसाच्या गालांसारखं. दुसऱ्या दिवशी कडेला पाचर घातली की शीट टक् करून सुटते. काचेकडची बाजू काळी, चकचकीत. तिच्यात आपलं तोंड दिसतं. अश्विन पाचर घालताना मान वळवून घ्यायचा.

अडचण वेळेची होती. हार्डनर घातल्यावर रेझिन पंचवीस मिनिटं टिकतं असं डब्यावर लिहिलं होतं, पण लिहिणारा मे महिन्यात अमरावतीला कधी आला नसावा. एकोणचाळीस अंशांच्या खोलीत सातव्या मिनिटाला कप हाताला गरम लागतो, दहाव्याला धूर. एकट्या माणसाचे सहा थर तेवढ्यात होत नाहीत. म्हणून त्यानं कूलर खोलीच्या दाराशी ओढला, पाणी भरलं, नवं गवत लावलं. आणि काम दोन बैठकांत केलं, आधी तीन थर, ते जरा धरले की वर आणखी तीन. त्याच्या वहीत प्रत्येक शीटची एक ओळ होती.

*४ मे. खोली ३९. कूलर लावल्यावर ३१. तीन थर. दीड तास गेला. आणखी तीन थर. जाडी बरोबर. वजन बरोबर. आवाज*

ओळ तिथंच सोडली होती. वरच्या सगळ्या ओळींत 'आवाज'पुढे काहीतरी होतं: खणखणीत, बद्द, फेकली, खणखणीत पण लहान, बद्द, फेकली. नाण्यानं शीट ठोकून पाहायची असते. थर एकमेकांना धरून असतील तर नाणं वाजतं. आत कुठं फट असली तर आवाज बसतो, तडा गेलेल्या माठासारखा. चार मेच्या शीटचं त्याला काही आठवायचं नव्हतं, आणि नेमकं ते न आठवण्यातच त्याचा अख्खा दिवस गेला. ऑटोतून उतरताना टरबूज त्यानं आतच विसरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो अकोल्याला गेला. मोटारसायकलला त्यानं सहा महिन्यांत हात लावला नव्हता. ती अंगणात कव्हरखाली उभी होती आणि कव्हरवर चिमण्या घाण करायच्या. बसमध्ये खिडकीची जागा टाळायची, मूर्तिजापूर यायच्या आधी डोळे मिटायचे, मूर्तिजापूर गेलं हे चहावाल्याच्या ओरडण्यावरून ओळखायचं. पण मिटलेल्या डोळ्यांना रस्ता जास्तच नीट दिसतो. कापसानं ओसंडणारी ट्रॉली. कडेला उभा ट्रक. दोघांच्या मधली फट, मोटारसायकल जाईल एवढी, जाईलच, आत्ता गेली नाही तर ट्रॉली पुढं सरकणार आणि मग आणखी दहा मिनिटं धूर खात मागं मागं. मागून दामिनी म्हणाली,

इथं त्याचं आठवणं दर वेळी तुटायचं. पुढचं सगळं जागच्या जागी होतं. ट्रॉलीच्या कोपऱ्याचा हूक, एका बाजूनं लाल होत गेलेला कापूस, "त्या ट्रॉलीवाल्यानं दाबलं" असं एकमेकांना सांगणारे लोक. ट्रॉली सरळ चालली होती. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही; लोकांचं म्हणणं हळूहळू घट्ट झालं आणि तेच झालेलं ठरलं. फक्त मधला एक शब्द कुठं बसत नव्हता. 'थांब.' दामिनी म्हणाली होती, थांब. ओरडून नाही. गाडीतल्या घंटीला एक ठोका द्यावा तसं. त्यावर दोघं कधी बोलले नव्हते. ऐकू आलं नसेल, वाऱ्यात कुठं ऐकू येतं, हेल्मेटमध्ये तर नाहीच, असं त्यानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता सांगणाराच त्याला खोटा वाटायचा.

मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात, गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली घरमालकीण गंगूबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. "आले काय बूटवाले भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमची बहीण तीन दिवसापासून माझ्या डोक्यावर ठक-ठक चालून राह्यली. कालपासून बंद हाये. मले झोप नाई आली."

दामिनी कॉटवर बसली होती, उजवा पाय उशीवर. तिनं प्लेट पुढं केली. "पाह्य. ही मोडली नाई खरी. उकलली."

प्लेटचे दोन पापुद्रे झाले होते, तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखे अलग. वरचे तीन थर वेगळे, खालचे तीन वेगळे. मग एकट्या पडलेल्या खालच्यांनी वळणावर मान टाकली होती. त्यानं आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. मेणचट, साबण नीट धुतला नाही तर बोटांना राहतो तसं. काचेकडची बाजू नसताना इतकी गुळगुळीत. सहा थर कधी झालेच नव्हते. दोन पातळ शिटा एकमेकींवर पडून होत्या आणि तो त्यांना एक समजत होता. समजत होता? चार मे. टेबलावर शीट, हातात दोन रुपयांचं नाणं. कडेला टण्, कडेला टण्, मधोमध

"काय झालं रे?" दामिनी म्हणाली. "पांढरा पडला तू."

"ऊन."

"पाणी पी." मग ती म्हणाली, "मीच येतो अमरावतीले. तुयाच्यानं एकट्यानं नाई होत." घाई असली की ती बाप्यासारखं 'येतो' म्हणायची; डेपोतली सवय. "आज शुक्रवार. उद्या करू. परवा निघते का तुही शीट?"

"निघते."

"मंग झालं तर."

पायलनं दारातच दोघांच्या हातातलं सामान घेतलं. ती तिवस्याची, बोलण्यात कसली उसनवारी नाही. पापुद्रे तिनं ओट्यावर ठेवले, आतल्या बाजूला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. "हे कोण्या खोलीत केलं?"

"मागच्या."

"कूलर लावून?"

"मग काय. खोली एकोणचाळीस होती."

पायल दामिनीकडे वळली. "पाह्यलं काय, बाई. मी कुरडया गच्चीवर नेऊन टाकते, कावून की कूलरच्या खोलीत पापड लोळा होते, मीठ भिजते, माचिस पेटत नाही. अन् तुया भाऊ इंजिनियर हाये." ती हसत होती. "त्या ओल्या हवेत दीड घंटा उघडं ठेवलं तुमी ते. दमट नाई धरन तर काय करन?"

अश्विन ओट्याला धरून उभा राहिला. एवढंच होतं. खालचे थर वाळताना कूलरच्या ओल्या वाऱ्यानं त्यांच्यावर एक न दिसणारी साय आली होती, आणि त्यानं त्या सायीवर पुढचे थर चढवले होते. चूक सापडली की माणसाला हलकं वाटायला पाहिजे. पायल हसत होती, दामिनी हसत होती. त्यालाही हसता आलं असतं, कूलरवर सगळं टाकून. कूलरवाल्यानं दाबलं. त्यानं मनगट ओट्याच्या कडेवर घासलं.

*१० मे, शनिवार. पहाटे पाच. कूलर बंद. पंखाही बंद. खोली ३४.*

पहाटे पाचला मे महिना जरा दम घेतो, तेवढीच सवड. दामिनी भिंतीला पाठ टेकून उभी होती, पुढ्यात स्टूल, स्टुलावर वजनकाटा. सगळं रेझिन एकदम कालवायचं नाही, दर थराला एक छोटा कप, शंभर रेझिनला तीस हार्डनर, म्हणजे तो गरम व्हायच्या आत संपतो. हे तिनं ठरवलं होतं. "एकदम सगळ्याईचं तिकीट फाडत असतेत काय? चढन तसं फाडाचं." ती मापत होती, ढवळत होती, मोबाइलवर वेळ पाहून मिनिटं पुकारत होती, आणि तो अंथरत होता. पहिला थर, उभी वीण. काळं कापड रेझिन पिऊन आणखी काळं झालं. दुसरा, तिरकी वीण. बुडबुडे कडेला. दोघांच्या हातांना एक चाल आली, लहानपणी आई दोघांना चादर पिळायला लावायची तशी, या टोकाला तो, त्या टोकाला ती. कप पुढं येत होता, रिकामा मागं जात होता. त्याला वाटलं, असंच सहाव्यापर्यंत जावं, कोणी काही बोलू नये. घामानं शर्ट पाठीला धरला होता. तिसरा थर त्यानं दोन्ही हातांत उचलला, काचेवर आणला,

"थांब," दामिनी म्हणाली.

तो थांबला. हात हवेत, हातात कापड. खोलीत फक्त काट्याचा हिरवा आकडा चालू होता. दामिनी भिंत सोडून पुढं आली, टाचेवर, तोल सांभाळत, आणि खांद्यावरच्या पंच्यानं तिनं त्याची हनुवटी पुसली. हनुवटीच्या टोकाला घामाचा थेंब लोंबत होता. खालच्या ओल्या थरावर पडणार होता. "आता टाक," ती म्हणाली.

त्याच्यानं टाकवेना. हात तसेच राहिले. "त्या दिवशी तू थांब म्हटलं होतं," तो म्हणाला. "मले ऐकू आलं होतं."

"मालूम हाये."

"नाही, मले खरंच"

"मी मागंच बसली होती ना, दादा. मी म्हटलं अन् तुही मान हालली. जराशी. उजव्या अंगाला." ती पुढचा कप काट्यावर ठेवत होती. "अन् मंग तू गेला. टाक ते कापड, चार मिनिटं झाली."

त्यानं कापड टाकलं. ब्रश चालू झाला. सहा महिने. सहा महिने ती त्याच्या मानेकडे पाहत होती आणि तो तिच्या पायाकडे. तिसऱ्या थराचे बुडबुडे कडेला जाता जात नव्हते, डोळ्यांत घाम होता, का घाम नव्हता. चौथा कप पुढं आला. आणि त्याला कळलं की आत्ता नाही म्हटलं तर हेही कुठंतरी खाली जाऊन साय धरणार, वरून सगळं काळं, चकचकीत. "ती प्लेट," तो म्हणाला. "तुले देली ती. मी नाण्यानं ठोकून पाह्यली होती. मधात बद्द होती."

दामिनीचा ढवळणारा हात थांबला. "अन् देली?"

"मले वाटलं, टेबलाचा आवाज असन. तू घाईत होती. मले वाटलं"

"हे नव्हतं मालूम," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. पण पुढं तिनं काहीच केलं नाही, कप हातात धरून उभी राहिली, आणि तो तिच्याकडे पाहू शकत नव्हता म्हणून कपाकडे पाहत राहिला. मिनिट पुकारलं गेलं नाही. आणखी एक गेलं. कपातून बारीक धूर निघाला, उकळल्यासारखा, रेझिनचा कडू वास खोलीभर झाला. काचेवरचे तीन थरही धरायला लागले असतील. हीही गेली, आणि उद्या रविवार. मग दामिनीनं तो कप दाराबाहेर फरशीवर ठेवला, नवा घेतला, काट्यावर शून्य केलं. "शंभर," ती स्वतःशी म्हणाली. "तीस." उरलेले तीन थर झाले. प्लास्टिक, चिकटपट्टी, काँप्रेसर. हवा गेली, प्लास्टिक आकसलं. "वहिनी," दामिनीनं आतल्या खोलीत जाऊन पायलला सांगितलं, "त्याले म्हणा, माझी चादर वर ने. मी गच्चीवर झोपतो." आणि दिवसभर तेच. वहिनी, त्याले म्हणा डाळ वाढ. वहिनी, त्याले म्हणा खिडकी लाव. पायल दोघांच्या मधून निरोप नेता नेता थकली. "तुमची दोघाईची गाडी बंद पडली का?" ती म्हणाली. "मले धक्का माराले लावता."

रविवारी सकाळी त्यानं पाचर घातली. शीट सुटली. दामिनीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली, पलंगावर नाही, टेबलावर नाही, आपल्या मांडीवर घेतली, आणि कनवटीचं दोन रुपयांचं नाणं काढलं. कान खाली नेला. टण्. बोटभर सरकून टण्. कंडक्टर दांडीवर नाणं वाजवत गाडीभर जातो तशी ती शीटभर गेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ओळीनं, एकही जागा न सोडता. अश्विन दाराशी उभा होता. डाव्या हाताच्या कोपऱ्यावर ती थांबली, परत आली, पुन्हा ठोकलं.

"इथं बद्द हाये," ती म्हणाली. कालपासून पहिल्यांदा सरळ त्याला. "ऐकू येते?"

"येते."

"कुठवर?"

तो तिच्या शेजारी बसला. ती ठोकत गेली, तो म्हणत गेला, बद्द, बद्द, इथून बरं, आणि तिनं खडूनं रेघ ओढली. रेघेच्या पलीकडचा कोपरा सोडून तिच्या पावलाचा आकार जेमतेम बसत होता. पाण्याखाली धरून त्यानं तो कापला, कडा घासल्या, आणि प्लेट तापून पक्की व्हायला दुपारभर गच्चीवर पत्र्याखाली ठेवली, पायलच्या कुरडयांशेजारी. पंचेचाळीस अंश होते. वहीत त्यानं ती ओळ लिहिली नाही, दामिनीनं लिहिली. *आवाज: एक कोपरा बद्द, कापला. बाकी मी ऐकला.*

नवी प्लेट बुटात घालून संध्याकाळच्या गाडीनं ती निघाली तेव्हा तोही चढला. कशाला, असं तिनं विचारलं नाही. बडनेऱ्यानंतर जागा झाली, त्याला खिडकी मिळाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे, जिथं तो डोळे मिटायचा तिथं, शेजारची सीट हलली. दामिनी उठली होती. तिनं ओढणी कमरेला खोचली, दांडी सोडली आणि ड्रायव्हरकडे चालायला लागली.

बाहेर तो रस्ता होता, ट्रॉली नव्हती, कापूस नव्हता, नुसती नांगरून तापायला सोडलेली काळी जमीन. गाडीनं कशाला तरी चुकवत वळण घेतलं. अश्विनच्या तोंडात शब्द आला, तयार, अख्खा. त्यानं तो दातांशी धरला. सगळे डावीकडे झुकले, दामिनी झुकली, तिचा उजवा पाय मागं राहिला, टाच उचलली गेली आणि सगळं वजन बुटाच्या पुढच्या भागावर आलं, जिथं तिचं काही नव्हतं. तो ऐकत राहिला. इंजिन, खिडक्यांची खडखड, कुणाचं तरी रडणारं मूल, आणि या सगळ्यांच्या खालून येणार असलेला तो एक आवाज. पाऊल पुढं पडलं. मग डावं. मग पुन्हा उजवं.

ड्रायव्हरच्या मागच्या दांडीपर्यंत जाऊन ती वळली आणि लोकांचे चेहरे वरून पाहत परत यायला लागली. अश्विनपाशी आली, थांबली नाही, मागच्या सीटकडे गेली. तो मान न वळवता ऐकत होता.